आधी तपासा, मग दोष द्या

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की वृद्धांच्या मनावर बोलण्याचा हंगाम सुरू होतो. २१ सप्टेंबरला अल्झायमर दिन, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, आणि बहुतेक वर्षी पितृपंधरवडाही याच सुमाराला. वाद ठरलेला असतो. एक पक्ष म्हणतो, एकत्र कुटुंब मोडलं, मुलं परदेशी गेली, सुनांना सासूसासरे नकोसे झाले, म्हणून म्हातारी माणसं मनाने खचतात. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांनाही त्यांचं आयुष्य आहे, चांगला वृद्धाश्रम असेल तर त्यात कमीपणा कसला? दोन्हीकडून कळकळीने लिहिलं जातं. पण त्या म्हाताऱ्या माणसाला नेमकं झालंय काय, हे कुणी विचारत नाही. ते ठाऊकच आहे असं धरून वाद सुरू होतो. प्रत्यक्षात ते कुणालाच ठाऊक नसतं, कारण त्या माणसाला कुणी तपासलेलं नसतं.

मी याच कामातला डॉक्टर आहे, तेव्हा माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. वृद्धांच्या मनोविकारांचं शिक्षण घेतलेला मनोविकारतज्ज्ञ ही मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांची चैन समजली जाते. ती जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत पोचायला हवी अशी गरज आहे. तरुण डॉक्टरांनी हे काम आयुष्यभराचं काम म्हणून निवडावं, अशी सोय सरकारने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी करायला हवी. मुलं चांगली की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो आधी विचारला की पहिला प्रश्न कायमचा मागे पडतो.

तो कसा मागे पडतो याचा पुरावा गोव्यात मिळाला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी २००१ साली गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्येष्ठ मंडळी, आरोग्यसेवक, डॉक्टर यांच्यापुढे त्यांनी नैराश्य आणि डिमेन्शिया (स्मरण आणि बुद्धी हळूहळू खालावत जाणं) असलेल्या माणसांची वर्णनं ठेवली. अशी माणसं लोकांनी लगेच ओळखली. प्रत्येकाच्या पाहण्यात कुणीतरी होतंच. पण हा आजार आहे असं कुणाला वाटलं नाही. डिमेन्शिया म्हणजे वय झाल्याची खूण, आणि दोन्ही त्रासांचं कारण म्हणजे मुलांनी केलेली हेळसांड, प्रेमाचा अभाव. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपर्यंत डिमेन्शियाचे रुग्ण पोचतच नव्हते, कारण यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं हेच लोकांच्या मनात नव्हतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कुटुंबव्यवस्थेचा आधार आपण समजतो तितका भक्कम नव्हता, आणि काळजी घेण्यामागे पुष्कळदा मालमत्तेची अपेक्षा होती. म्हणजे संस्कृतीच्या नावाने छाती फुगवणाऱ्यांचंही खरं ठरलं नाही आणि मुलांना दोष देणाऱ्यांचंही पूर्ण खरं ठरलं नाही. आजार मात्र आजार म्हणून समोर आलाच नाही. इतक्या वर्षांनी आपल्या चर्चेत फारसा फरक पडलेला मला दिसत नाही.

मेंदूच्या आजाराचा ठपका नातेवाइकांवर ठेवण्याची ही पहिली वेळ नाही. मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ साली स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात शोधलं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांना ‘थंड’ ठरवण्यात आलं, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली तो आरोप घरोघरी पोचवला. १९७७ साली लंडनमधून जुळ्या मुलांचा अभ्यास आला, ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा मोठा हात आहे हे त्यातून दिसलं, तेव्हा कुठे तो आरोप ढिला पडू लागला. मधल्या काळात किती आयांनी आपल्या मुलाला आपणच बिघडवलं या समजुतीत दिवस काढले असतील? आज माझ्या ओपीडीत पन्नाशीची सून येते. सासूबाई तिला चोर म्हणतात. शेजारीपाजारी सासूबाईंवर विश्वास ठेवतात. ती त्याच आयांच्या रांगेत उभी आहे.

इथे विरुद्ध बाजूचं म्हणणं मान्य केलंच पाहिजे. हेळसांड होते. मारहाण होते, पेन्शन काढून घेतली जाते, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला, तो रास्त आहे, आणि माझ्या काही रुग्णांना त्याचा आधारही झाला आहे. शिवाय एकटेपणा हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, तो शरीराला आणि मेंदूला पोखरतो, हेही खरं.

पण मग त्या सासूबाईंचं काय करायचं? ‘सुनेने माझ्या पाटल्या चोरल्या’ असं त्या सांगतात. चोरीचा भ्रम हे डिमेन्शियाचं नेहमी दिसणारं लक्षण आहे. आपणच वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि मग सगळ्यात जवळ वावरणाऱ्या माणसावर संशय जातो. बहुधा सगळ्यात जास्त सेवा करणाऱ्यावरच. पण पाटल्या खरोखर चोरीला गेल्या असण्याचीही तितकीच शक्यता असते, आणि ‘आईचं डोकं फिरलंय’ म्हणून चोर सुटू शकतो. या दोन्हींतलं खरं काय, हे पंचायत ठरवणार की लेखमाला? स्मरणशक्ती तपासावी लागते, भ्रमाची जातकुळी ओळखावी लागते, सासूशी एकटीशी बोलावं लागतं, सुनेशी वेगळं बोलावं लागतं. ज्यांना हेळसांडीची खरी चीड आहे, त्यांना तर असा तपासणारा माणूस आधी हवा. निदानाशिवाय दिलेला न्याय निम्म्या वेळा चुकीच्या माणसाला शिक्षा करतो.

आता ज्यांच्या कामावर आमचं हे सगळं शास्त्र उभं आहे, त्या माणसाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण वादातला सगळ्यात मोठा गैरसमज त्यांनीच दूर केला. मनोविकारतज्ज्ञ मार्टिन रॉथ मूळचे बुडापेस्टचे, लहानपणी इंग्लंडला आलेले. १९५० च्या सुमारास ते चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयात संशोधन करत होते. त्या काळच्या मनोरुग्णालयात साठीपुढचा माणूस दाखल झाला की तो ‘सिनाइल’, म्हणजे म्हातारपणाने बुद्धी गेलेला. मग त्याच्याकडे वेगळं बघण्यासारखं काही उरत नसे. मेंदू झिजला, आता वाट बघायची. रॉथ यांनी साठीपुढच्या रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि लक्षणांवरून त्यांचे पाच गट पाडले: नैराश्य आणि उन्मादाचे, उतारवयात उद्भवणाऱ्या संशयविकाराचे, अचानक भान हरपलेल्यांचे, रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे बुद्धी खालावलेल्यांचे आणि वार्धक्यातल्या डिमेन्शियाचे. मग प्रत्येक गटाचं सहा महिन्यांनी काय झालं आणि दोन वर्षांनी काय झालं ते पाहिलं. १९५५ साली हा लेख छापून आला. डिमेन्शियाच्या गटातले निम्म्याहून अधिक लोक सहा महिन्यांत गेलेले होते. नैराश्याच्या गटातले बहुतेक त्याच सहा महिन्यांत बरे होऊन घरी गेले होते, आणि दोन वर्षांनीही त्यांतले बहुसंख्य हयात होते. एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर, एकाच शिक्क्याखाली ही दोन अगदी वेगळी भवितव्यं पडून होती.

या लेखात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. नीट बघणं, नोंद ठेवणं आणि मागोवा घेणं, एवढंच होतं. तरी त्याने लाखो माणसांचं नशीब बदललं, कारण ‘वय झालं’ हे उत्तर त्यानंतर शास्त्रीय उत्तर राहिलं नाही. रॉथ पुढे न्यूकॅसलला गेले. तिथे गॅरी ब्लेस्ड आणि बर्नार्ड टॉमलिन्सन यांच्याबरोबर १९६८ साली त्यांनी दाखवलं की हयातीत माणसाची बुद्धी जितकी खालावलेली, तितके मृत्यूनंतर मेंदूत ते विशिष्ट चट्टे जास्त. म्हणजे म्हातारपणीचा डिमेन्शियासुद्धा आजार, नुसतं वय नव्हे. लक्षात घ्या, अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूतले बदल १९०६ सालीच मांडले होते. पण ऑगस्टे फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती, म्हणून पन्नाशीतल्या माणसाला झाला तर तो आजार आणि ऐंशीच्या माणसाला झाला तर ते म्हातारपण, अशी विभागणी साठ वर्षं टिकून राहिली. आपल्या घरांमध्ये ती अजून टिकून आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण हसत म्हणतो, आणि त्या म्हणीखाली उपचार करण्याजोगी माणसं गाडली जातात.

ती कशी, ते एका उदाहरणावरून सांगतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या आजी, तालुक्याच्या गावच्या. तीन महिन्यांत त्यांनी बोलणं आणि खाणं जवळजवळ सोडलेलं. घरात ठरून गेलेलं की म्हातारचळ लागला. दोन मुलांमध्ये भांडण हेच, की आई कुणाच्या घरी असताना बिघडली. मी विचारलं, “आजी, आज वार कोणता?” त्या म्हणाल्या, “मला नाही ठाऊक, नका विचारू.” डिमेन्शियाचा माणूस सहसा असं उत्तर देत नाही. तो काहीतरी ठोकून देतो, हसतो, ‘आता काय वार मोजायचे’ म्हणून विषय टाळतो, नाहीतर सोबतच्या माणसाकडे बघतो. ‘ठाऊक नाही, विचारू नका’ या उत्तरात थकलेलं मन जास्त दिसतं. हळूहळू त्या बोलल्या. आतडी सडली आहेत, अन्न जायला आत जागा नाही, माझ्यामुळे घर बुडालं, मुलांच्या डोक्यावर कर्ज झालं. कर्ज नव्हतंच. हे तीव्र नैराश्य होतं, भ्रमांपर्यंत गेलेलं. भूल देऊन शॉकचे उपचार केले, सोबत औषधं दिली. या वयात या प्रकारच्या नैराश्यावर शॉक फार चांगला लागू पडतो, लोकांना त्याची कितीही भीती वाटली तरी. काही आठवड्यांनी त्या मुलाला रागावत होत्या, की दिवाळीआधीच सोयाबीन का विकलं, पंधरा दिवस थांबला असता तर भाव मिळाला असता. हिशेब, स्मरण, घराची काळजी, सगळं जागच्या जागी होतं. त्या तीन महिन्यांत दोन्ही भावांना सगळ्यांनी सल्ले दिले. तपासणी मात्र कुणी सुचवली नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. तो माझ्याच व्यवसायातले ज्येष्ठ घेतात. देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. आकडा पाऊणच्या आसपास आहे, आणि जे आहेत ते शहरांत एकवटलेले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर महाराष्ट्राचा भार पिढ्यानपिढ्या राहिला. अशा स्थितीत साध्या मनोविकारतज्ज्ञाचीच वानवा, तिथे म्हाताऱ्यांसाठी वेगळा कुठून आणायचा? तो आणला तरी मुंबई-पुण्यातच बसणार नाही कशावरून? हा आक्षेप खरा आहे, आणि अशा तज्ज्ञाने नुसता दवाखाना थाटायचा असेल तर मीही त्याला विरोध करीन.

पण विशेषज्ञ आधी की सेवा आधी, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. त्या काळी प्रौढांसाठी तरी मनोविकारतज्ज्ञ किती होते? ‘आधी मोठ्यांची सोय होऊ द्या, मुलांचं नंतर’ असा विचार तेव्हाही करता आला असता. तो केला नाही, म्हणून पुढे शाळांमधले समुपदेशक, समाजकार्यकर्ते, बालमानसतज्ज्ञ यांची एक परंपरा उभी राहिली. विशेषज्ञ माणूस स्वतः किती रुग्ण बघतो त्यावर त्याचं मोल ठरत नाही. तो किती जणांना बघायला शिकवतो, त्यावर ठरतं.

मनोविकारतज्ज्ञ टॉम एरी यांनी १९६९ साली पूर्व लंडनच्या गुडमेझ रुग्णालयात वृद्धांची सेवा हाती घेतली, तेव्हा या कामाकडे कुणी हौसेने वळत नव्हतं. त्यांनी रुग्णाला आधी त्याच्या घरी जाऊन बघण्याचा आग्रह धरला. स्वयंपाकघरात गॅस कुठे, औषधं कुठे, पलंगापासून संडास किती दूर, हे घरीच कळतं. नर्स, समाजसेविका, फिजिओथेरपिस्ट यांना त्यांनी निर्णयात बरोबरीचं स्थान दिलं. पुढे नॉटिंगहॅमला वृद्धांचे फिजिशियन आणि वृद्धांचे मनोविकारतज्ज्ञ एकाच विभागात आणले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांनी देशभर असे विभाग उभे केले, आणि १९८९ साली ब्रिटनच्या आरोग्यसेवेने या शाखेला स्वतंत्र मान्यता दिली. मान्यता शेवटी आली. काम आधी वीस वर्षं झालेलं होतं.

आणि हे श्रीमंत देशातच जमतं असं कुणी म्हणणार असेल, तर पुन्हा गोव्याकडे बघावं. डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरी जाऊन कुटुंबाला समजावणारे, वागणं कसं हाताळायचं ते दाखवणारे स्थानिक सल्लागार तिथे तयार केले गेले. ते डॉक्टर नव्हते. २००८ साली अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा भेटींनी काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारतं. २०१९ साली आणखी महत्त्वाचा निष्कर्ष आला. साठीपुढच्या ज्या लोकांमध्ये नैराश्याची सुरुवातीची लक्षणं होती, त्यांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याच्या पद्धती, झोपेच्या सवयी, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी हे शिकवलं. वर्षभरात त्यांतल्या ४.४ टक्के लोकांना पूर्ण नैराश्य आलं. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १४.४ टक्के लोकांना. हा फरक कुठल्याही औषध कंपनीला हेवा वाटावा असा आहे. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते हे खरंच. पण त्यांना काय शिकवायचं, कुणाला पुढे पाठवायचं, कुठे थांबायचं, हे ठरवणारे लोक या विषयात मुरलेले होते. मुरलेली माणसं नसतील, तर गावातल्या आशाताईंना शिकवणार कोण?

दुसरा आक्षेप विचारवंतांचा आहे, आणि त्याच्याशी माझं निम्मं पटतं. ते म्हणतात, म्हातारपणाचं दुःख हे माणसाचं दुःख आहे. जोडीदार जातो, घर रिकामं होतं, शरीर साथ देत नाही. यावर गोळ्या कसल्या देता? नवरा गेल्यावर वर्षभर रडणाऱ्या बाईला रुग्ण म्हणायचं का? नाही म्हणायचं. आणि गोळ्यांचा अतिरेक ही कल्पना नाही, तो घडलेला आहे. डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये भ्रमावरच्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. २००९ साली ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांचा अहवाल आला: डिमेन्शिया असलेले सुमारे १ लाख ८० हजार लोक ही औषधं घेत होते, फायदा होण्याची शक्यता होती त्यांतल्या सुमारे ३६ हजारांना, आणि या औषधांमुळे वर्षाला अंदाजे १८०० जास्तीचे मृत्यू होत होते. आरडाओरडा करणाऱ्या म्हाताऱ्याला गप्प करण्यासाठी औषध वापरलं गेलं, याचा हा हिशेब आहे.

पण तो हिशेब मांडला कुणी? बॅनर्जी हे वृद्धांचेच मनोविकारतज्ज्ञ. गोळ्या वाढवणारे बहुतेक वेळा या विषयाचं शिक्षण न घेतलेले असतात, आणि त्या कमी करण्याचं धाडस करायला शिक्षण लागतं. माझ्या टेबलावर जवळजवळ रोज एक कापडी नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी रिकामी होते. बीपीची गोळी एका डॉक्टरची, तीच दुसऱ्या नावाने दुसऱ्या डॉक्टरची. झोपेसाठी अल्प्राझोलाम, कधीकाळी कुणीतरी लिहिलेली, ती मेडिकलमधून अखंड चालू. लघवी सारखी लागते म्हणून एक, हात थरथरतो म्हणून एक, सर्दीची एक, जी शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून आणली. यांतल्या तीन-चार औषधांचा मिळून एकच परिणाम होतो: स्मरणशक्ती धूसर होते, माणूस तोल जाऊन पडतो, संध्याकाळी बरळू लागतो. मी नवी गोळी लिहिण्याआधी जुन्या काढतो, एकेक करून, सावकाश, कारण झोपेची गोळी अचानक थांबवली तर तीही घात करते. कित्येकदा ‘डिमेन्शिया’ पिशवीतच सापडतो.

अचानक भान हरपणं हा प्रकार तर याहून सरळ आहे आणि याहून जास्त दुर्लक्षित. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजोबा सलाईन ओढतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, ‘मला घरी सोडा’ म्हणून ओरडतात. जुनी माणसं म्हणत, वात झाला. आज नातेवाईक म्हणतात, आजोबा बिघडले, आणि हात पलंगाला बांधले जातात. कारण असतं लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, न तपासलेली वेदना, तुंबलेली लघवी, घरी राहिलेला चष्मा आणि कानाचं मशीन. त्या रात्री एखादी जागरूक नर्स हे ओळखते की नाही, यावर पुढची वर्षं ठरतात.

तिसरं म्हणणं असं की डिमेन्शियावर उपाय नाही, मग निदान कशाला? बहुतेक डिमेन्शिया बरा होत नाही, हे खरं आहे. पण सगळं विसरणं डिमेन्शिया नसतं. थायरॉइड मंदावलेलं असतं, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलेलं असतं, ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांत जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं ब-१२ कमी असल्याचं दाखवलं होतं; आपल्या शाकाहारी घरांमध्ये ही साधी तपासणी आधी व्हायला हवी की नको? आणि डिमेन्शिया असलाच, तर? साठीपुढच्या भारतीयांमध्ये त्याचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला: पुढे माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, माझ्या वतीने कुणी बोलावं. निदान वेळेत झालं तरच हा हक्क वापरता येतो. उशिरा झालं तर मृत्युपत्रापासून पलंगाला बांधण्यापर्यंतचे सगळे निर्णय दुसरेच घेतात. शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली म्हटलं आहे की, बदलता येण्याजोगे चौदा धोके आयुष्यभर टाळता आले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया रोखता किंवा लांबवता येईल. हा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे, पण त्या चौदांत कमी ऐकू येणं आहे, नजर कमी होणं आहे, रक्तदाब आहे, नैराश्य आहे, एकटेपणाही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि कानाचं मशीन हे मेंदूचे उपचार आहेत, हे सांगायलाही कुणीतरी लागतं.

मग तरुण डॉक्टर या वाटेला का येत नाहीत? एक पूर्वग्रह फार जुना आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०४ साली दिलेल्या व्याख्यानात सांगितलं, की पन्नाशीच्या आसपास मनाची लवचीकता संपते, त्यापुढच्या माणसांवर मानसोपचार करण्यात अर्थ नाही. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी स्वतःचे विचार बदलत, नवे मांडत लिहिलं. त्यांच्या आयुष्याने त्यांचं विधान खोडून काढलं, तरी त्या विधानाची सावली आमच्या शिक्षणावर अजून आहे. दुसरं कारण व्यवहाराचं. या कामात एका रुग्णाला पाऊण तास लागतो. ऐकू येत नाही म्हणून सावकाश बोलावं लागतं, नातेवाइकांना वेगळं भेटावं लागतं, घरी जावं लागतं. पाऊण तासाची फी कुणी देत नाही. तिसरं, ‘इथे कुणी बरं होत नाही’ ही समजूत. रॉथ यांनी ती सत्तर वर्षांपूर्वी मोडली आणि माझ्या सोयाबीनवाल्या आजींनीही मोडली.

या कामाची बुद्धीला जी मेजवानी आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकाच माणसात हृदय, मूत्रपिंड, मेंदू, सत्तर वर्षांचा इतिहास आणि तीन पिढ्यांचं घर एकाच वेळी वाचावं लागतं. साध्या तपासणीतही प्रश्न पडतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईची बुद्धी इंग्रजी चाचणीने कशी मोजणार? हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्यांनी १९९५ साली निरक्षर लोकांसाठी मुद्दाम हिंदीत चाचणी बसवली. ‘एक वाक्य लिहा’ऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ असा प्रश्न ठेवला. मदुराईत ए. वेंकोबा राव यांनी सरकारी रुग्णालयात बसून वृद्धांच्या नैराश्यावर कित्येक वर्षं काम केलं आणि जवळच्या निमशहरी वस्तीचा अभ्यास १९८२ साली छापला. त्यातही नैराश्यच मोठ्या प्रमाणात सापडलं, तेव्हा तर एकत्र कुटुंबं आजच्याहून पुष्कळ शाबूत होती. लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, एमडीच्या पुढची डीएम पदवी आहे. केरळने २०१४ पासून डिमेन्शियासाठी राज्याचा कार्यक्रम हाती घेतला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते, देशाच्या सरासरीहून जास्त. मग या यादीत महाराष्ट्र पुढे का नसावा?

मागणी अवाढव्य नाही. मनोविकारशास्त्राच्या प्रत्येक एमडी विद्यार्थ्याने काही महिने वृद्धांच्या ओपीडीत आणि त्यांच्या घरी जाऊन काम करावं. प्रत्येक सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दिवस फिजिशियन आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच खोलीत बसावेत, म्हणजे आजोबांना दोन मजले आणि दोन रांगा चढाव्या लागणार नाहीत. ब्यूरोमार्फत घरोघर जाणाऱ्या मावशींना डिमेन्शियाच्या माणसाशी कसं बोलायचं, त्याला न बांधता कसं सांभाळायचं, याचं शिक्षण मिळावं. आज राज्यातली पुष्कळशी काळजी त्याच वाहतात आणि त्यांना कुणी काही शिकवत नाही.

आणि पैशाचा प्रश्न. २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे. पडून खुबा मोडला तर ऑपरेशनचा खर्च निघेल. ज्या झोपेच्या गोळीमुळे माणूस पडला ती थांबवणारा पाऊण तास, ब-१२ ची तपासणी, घरची भेट, सुनेशी केलेलं बोलणं, यांतलं काहीही त्यात बसत नाही. वृद्धांच्या मनोविकारांत निदान जिथे होतं ती जागा ओपीडी आहे, आणि तिथल्या वेळेचा मोबदला सरकारी योजनेतून मिळाल्याशिवाय चांगल्या गुणांचा एखादा निवासी डॉक्टर हे काम निवडील अशी अपेक्षा धरता येत नाही. येत्या १ ऑक्टोबरला भाषणं होतील तेव्हा आरोग्यमंत्र्यांना एवढं एक विचारावं: दाखल न झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तपासण्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली ठेवले आहेत?